टीम विका, खुर्ची ठेवा

आमच्या बेसबॉल टीमचं नाव मी इथे लिहिणार नाही. एक तर लिहायची लाज वाटते. दुसरं म्हणजे टीमचं नाव लिहिलं की मालकाचं नाव ओघाने येणार, आणि त्या माणसाची फुकट जाहिरात माझ्या हातून व्हावी इतके वाईट दिवस माझ्यावर अजून आलेले नाहीत. अमेरिकेच्या मधल्या भागातलं, नदीकाठचं, हिवाळ्यात गोठणारं आणि जुलैत उकडून काढणारं एक शहर, आणि तिथली टीम, एवढं पुरे. ज्यांची टीम अशीच आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांची नाही त्यांनी करमणूक म्हणून वाचावं.

मालकाबद्दल मात्र सांगायलाच हवं, नाहीतर माझा रक्तदाब का वाढतो ते कळणार नाही. टीम त्याला वडिलांकडून मिळाली. काहींना वडिलांकडून टक्कल मिळतं, याला टीम मिळाली. वडील बरे होते म्हणतात. याचा खाक्या वेगळा. आमच्याकडे एखादा खेळाडू चांगला खेळायला लागला की आम्हाला आनंद होत नाही, धडकी भरते. चांगला झाला म्हणजे महाग होणार, आणि महाग होणार म्हणजे हा त्याला दुसऱ्या टीमला देऊन टाकणार. बदल्यात येतात कधी नाव न ऐकलेली दोन-तीन कोवळी पोरं, आणि एक पत्रकार परिषद, जिच्यात मालक आम्हाला ‘धीर धरा’ म्हणतो. मी या गावात आले तेव्हा माझे केस काळे होते. तेव्हापासून मी धीरच धरते आहे.

खरं तर मला क्रिकेटसुद्धा कधी आवडलं नव्हतं. बेसबॉलची गोडी लागली ती गाडीतल्या रेडिओमुळे. ऑफिसातून घरी येताना संध्याकाळची मॅच लागलेली असायची. बेसबॉलमध्ये बराच वेळ काहीच घडत नाही, त्यामुळे समालोचक आपला गप्पा मारत बसतो. आकाशात ढग कसे आलेत, लहानपणी त्याच्या काकांकडे कसला कुत्रा होता, असलं काहीही. दिवसभर उच्चार सांभाळून इंग्रजी बोलून जीभ थकलेली असायची, आणि हा परका माणूस काही काम नसताना माझ्याशी निवांत बोलायचा. त्याचं मला फार बरं वाटायचं. घर आलं तरी मी गॅरेजमध्ये गाडीतच बसून राहायचे. एकदा नवरा काळजीने बाहेर आला, तर मी स्टिअरिंगवर मूठ आपटून कुणाला तरी ‘अरे पळ ना मेल्या’ म्हणत होते. त्या वर्षी आम्ही सीझनचा पास घेतला. तिसऱ्या बेसच्या बाजूला, पार वरच्या रांगांमध्ये, दोन खुर्च्या. नवरा माझ्यासोबत यायचा, पण देवळात बायकोबरोबर आलेल्या माणसासारखा, मांडीवर लॅपटॉप घेऊन.

मग सासूबाई गेल्या, आणि नवऱ्याने बाबांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, कायमचं इकडे आणलं.

बाबांची सगळी नोकरी विदर्भातल्या एका तालुक्याच्या बस डेपोत झाली. वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचं, आणि उशीर झाला की लोकांची बोलणी खायची. असा माणूस आम्ही आणून बसवला अशा वस्तीत, जिथे रस्त्यावर माणूस दिसला तर शेजारी पडदा सरकवून बघतात. बाबा सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅरेजचं दार वर करायचे आणि तिथे खुर्ची टाकून बसायचे. पोस्टाची गाडी आली की उभे राहायचे. पोस्टमन हात हलवायचा, बाबा हात हलवायचे, आणि दिवस संपायचा. मला दिसायचं ते, आणि वाईटही वाटायचं. पण आम्ही दोघं कामाला, मुलगी दूर दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला नोकरीला, करणार काय?

ते स्टेडियममध्ये पहिल्यांदा आले ते केवळ तिकीट वाया जाऊ नये म्हणून. नवऱ्याच्या ऑफिसात काहीतरी अडलं होतं. मे महिना, पण गार वारा. बाबा स्वेटर आणि माकडटोपी घालून, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घरी भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन निघाले. स्टेडियममध्ये पिशवी आरपार दिसणारीच लागते. बाबांना हा नियम फार आवडला.

त्यांच्या उजव्या हाताच्या खुर्चीत मॅडम बसल्या होत्या.

मॅडम हे नाव बाबांनी दिलेलं. सत्तरी ओलांडलेली, उंच, धिप्पाड, घोगऱ्या आवाजाची अमेरिकन बाई. ती खुर्ची आमच्याही आधीपासून तिची. तिची-माझी इतक्या वर्षांची ओळख म्हणजे आल्यावर हसायचं, आणि मग मालकाच्या वरच्या काचेच्या केबिनकडे बघून दोघींनी मिळून तोंडसुख घ्यायचं. तिचं नाव तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते मला नीट ऐकू आलं नव्हतं, आणि पुढे विचारायची लाज वाटत गेली. बाबांनी मात्र एका दुपारी सगळा इतिहास काढला. ती जन्मभर शाळेची बस चालवत होती. नवरा गेलेला, एक मुलगा अ‍ॅरिझोनात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बस म्हटल्यावर बाबांची कळी खुलली. बर्फात ब्रेक कसा दाबायचा, गाडीत पोरं ओकली तर काय करायचं, प्रवाशांचा सगळ्यात जास्त ताप कधी होतो, यावर त्या दोघांचं जे सुरू झालं ते मॅच संपेपर्यंत. बाबांचं इंग्रजी डेपोतल्या सूचनांसारखं, तुटक आणि खणखणीत. मॅडमना ते व्यवस्थित कळत होतं. मी दोघांच्या पलीकडे बसून एकटीच मॅच बघत होते.

आम्ही बाबा म्हणतो म्हणून तीही ‘बाबा’ म्हणायला लागली. तिला ते त्यांचं नावच वाटायचं.

त्यानंतर नवऱ्याला त्याची खुर्ची परत मिळाली नाही, आणि त्याने ती मागितलीही नाही. मॅचच्या दिवशी बाबा सकाळपासून तयार. बेसबॉल त्यांना हळूहळू कळला, पण त्यांच्या पद्धतीने. स्टेडियममध्ये शेंगा खाऊन टरफलं पायाशी टाकायची असा रिवाज आहे. बाबांच्याने ते होईना. ते टरफलं पँटच्या खिशात भरायचे, आणि दर आठवड्याला वॉशिंग मशीनमधून मी मूठमूठ टरफलं काढायचे. पुढे ते जास्तीची पिशवी न्यायला लागले. जूनमध्ये एकदा बघितलं तर मॅडमसुद्धा आपली टरफलं त्याच पिशवीत टाकत होत्या. मी इतकी वर्षं त्या बाईला ओळखते, तिने माझ्या पायावर सोडा सांडून कधी सॉरी म्हटलं नाही.

मालक या प्राण्याबद्दल मात्र माझं आणि बाबांचं जमेना. बाबा काचेच्या केबिनकडे बघून आदराने विचारायचे, “मालक आले नाहीत वाटतं आज?”

“बाबा, त्या माणसाला ‘आले’ नका म्हणू.”

“अगं, मालक आहेत ते.”

“असतील. आपले नाहीत.”

“एवढं मोठं चालवायचं म्हणजे सोपं आहे का बेटा? त्यांच्याही अडचणी असतील.”

डेपोत आयुष्य गेलेल्या माणसाला वरच्याची बाजू घ्यायची सवय असते. मी दात-ओठ खाऊन मैदानाकडे बघायचे.

बाबांचा लाडका खेळाडू होता आमचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहून जमिनीलगत आलेले चेंडू अडवणारा. किडकिडीत, कॅरिबियन बेटांवरून आलेला, हसरा. मैदानात उतरताना तो वाकून मातीला हात लावायचा आणि तो हात कपाळाला लावायचा. बाबांनी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते खुर्चीत सरळ होऊन बसले. “संस्कार आहेत पोरावर,” म्हणाले. मग त्याने कितीही चेंडू सोडले तरी बाबांच्या लेखी चूक चेंडूची. आणि पोरगा खरंच चांगला निघाला. जुलैपर्यंत तो असा खेळायला लागला की आम्हाला नेहमीची धडकी भरली.

जुलै संपता संपता मालकाने त्याला विकला.

मी ऑफिसात होते. बातमी वाचून मी मीटिंगमध्ये मराठीत शिवी दिली, आणि ती कळणारे दोघे जण टेबलाला होते. घरी आल्यावर बाबांना सांगितलं. त्यांना आधी समजेचना. विकला म्हणजे काय? त्याला विचारलं का? त्याला जायचं होतं का? मी म्हटलं, विचारत नाहीत, सांगतात. पुढच्या मॅचला आम्ही गेलो तेव्हा शॉर्टस्टॉपच्या जागी कुणी नवा पोरगा उभा होता आणि मॅडम टोपी काढून मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाबांनी वर काचेच्या केबिनकडे पाहिलं.

“मालक आला नाही वाटतं आज,” ते म्हणाले.

आला. एकवचनात. आमच्या घरात बाबांनी बाहेरच्या कुणाला अरे-तुरे केलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. केबल दुरुस्त करायला आलेल्या पोरालाही ते ‘या, बसा’ म्हणतात. खरं सांगायचं तर मला आनंद झाला.

त्याच दिवशी पाचव्या इनिंगनंतर खालच्या रांगांतून ओरडा सुरू झाला. ‘सेल द टीम!’ टाळ्यांच्या तालावर, सगळं स्टेडियम. बाबांनी कानाला हात लावून विचारलं, काय म्हणताहेत? मी म्हटलं, मालकाला सांगताहेत, टीम विका. बाबांनी क्षणभर विचार केला. मग त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि डेपोच्या माइकवरचा तो जुना आवाज लावला: “टीम विका! टीम विका!” मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच सूर पकडला, “टीम वीका!” मागची रांगही सामील झाली. मागच्या एकाला वाटलं, वीका हा नवीन आणलेला खेळाडू आहे. त्याने मला विचारलं, बरा खेळतो का?

असा तो सगळा उन्हाळा गेला. टीम हरत होती, आम्ही ओरडत होतो, आणि वरच्या काचेमागे कुणी नसायचं. मग आमच्या टीमच्या चाहत्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर ठरलं की पुढच्या सीझनचा पास कुणीही घ्यायचा नाही. मालक विकत नाही तोवर त्याच्या गल्ल्यात एक डॉलर टाकायचा नाही. मी सगळ्यात आधी ‘मी नाही घेणार’ असं लिहिलं. बेलव्ह्यूहून लेकीचा फोन आला. “मॉम, फायनली! यू आर लिटरली पेइंग दॅट गाय टु हर्ट यू.” महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मी हे जाहीर केलं, तेव्हा इथे शिकायला आलेली पोरं म्हणाली, “काकू, एकदम क्रांतिकारी यार!” मी भलतीच खूश. नवराही खूश, त्याला शनिवारी लॉनच्या कामाला दोन जास्तीचे हात दिसू लागले.

बाबांना मी स्वयंपाकघरात सांगितलं. ते मेथी निवडत होते.

“तुझं बरोबर आहे,” ते म्हणाले. “अशा माणसाला आपण काहून पोसायचं?”

एवढं बोलून ते परत मेथी निवडायला लागले. नंतर मी भाजी धुवायला घेतली, तर पानं आणि काड्या एकाच ढिगात होत्या.

सप्टेंबरच्या शेवटी सीझनची शेवटची मॅच आली. हरलो, हे वेगळं सांगायला नको. लोक उठायला लागले. मॅडम खुर्चीला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षीचं काही खरं नाही. या मालकाचा वीट आलाय, गुडघ्याला या पायऱ्या सोसत नाहीत, आणि मुलगा कधीपासून अ‍ॅरिझोनाला बोलावतोय. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग स्वेटर सारखा केला, हात जोडले आणि म्हणाले, “ओके मॅडम. आय अ‍ॅम कमिंग.”

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. “तुम्ही येणार? नक्की?”

“येस, येस,” बाबा म्हणाले. “आय अ‍ॅम कमिंग.”

माझ्या लक्षात आलं ते मी त्यांच्या पाठोपाठ पायऱ्या उतरत असताना. ते निरोप घेत होते. ‘येतो’ म्हणत होते. घरातून निघताना, कुणाकडून उठताना आपण म्हणतो ते ‘येतो’. त्याचं त्यांनी सरळ इंग्रजी केलं होतं, आणि त्या इंग्रजीचा सरळ अर्थ मॅडमनी घेतला होता. मी मागे वळून बघितलं, तर आमच्यामागे गर्दीची भिंत.

गाडीत मी म्हटलं, “बाबा, इंग्रजीत निघताना कमिंग नाही म्हणत. गोइंग म्हणतात. त्यांना वाटलं तुम्ही पुढच्या वर्षी येणार आहात.”

“गोइंग म्हणजे जातो.”

“हो.”

“शेवटच्या मॅचला, त्या बाईला, जातो म्हणू?” बाबा माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच काहीतरी अभद्र बोलले होते. “असं कुणी म्हणतं का गं? काय बाप्पा!”

मॅडमचा फोन नंबर आमच्याकडे नव्हता. तो घ्यायची वेळच आली नव्हती. माणूस आपल्या खुर्चीत सापडतच होता.

हिवाळ्यात एक आशा उगवली. गावातले काही पैसेवाले एकत्र आलेत आणि मालकाशी बोलणी चालू आहेत, अशी बातमी आली. आमच्या ग्रुपवर दिवाळी. मी बाबांना म्हटलं, “त्याने विकली की दुसऱ्या दिवशी मी पास काढते. शब्द मोडायला नको आणि काही नको.” बाबांचे डोळे लकाकले. रोज सकाळी चहा घेताना ते एकच विचारायचे, “विकली का?” नवऱ्याला कित्येक दिवस वाटत होतं की त्याच्या जुन्या गाडीबद्दल चाललंय. मी त्या काळात जितकी मनापासून प्रार्थना केली तितकी मुलीच्या अ‍ॅडमिशनच्या वेळीही केली नव्हती. मालकाला सुबुद्धी दे, त्याला भरपूर पैसे मिळू देत, त्याला एखादी बोट घेऊ दे, आणि त्या बोटीतून दूर जाऊ दे.

जानेवारीत मालक टीव्हीवर आला. छान लोकरी स्वेटर घातलेला. टीम हा आपल्या वडिलांचा वारसा आहे, ती विकण्याचा प्रश्नच येत नाही, चाहत्यांनी धीर धरावा.

बाबा सोफ्यावर माझ्या शेजारी बसले होते. मी अर्थ सांगितला. ते ‘हं’ म्हणाले आणि उठून खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी चहाला त्यांनी काही विचारलं नाही. गॅरेजचं दारही उघडलं नाही. मी म्हटलं, थंडी आहे म्हणून असेल. पण थंडी आधीही होती, तेव्हा ते शाल पांघरून बसत. आता पोस्टाची गाडी यायची आणि निघून जायची, बाबा आत हीटरच्या जाळीपाशी खुर्ची ओढून बसलेले. जेवायला बोलावलं की येत. टीव्ही लावला की बघत. तक्रार नाही, काही नाही. नवरा म्हणाला, वय झालंय. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त राग त्या स्वेटरवाल्याचा आला. पण शब्द म्हणजे शब्द. ग्रुपवर सगळ्यांना मीच रोज आठवण करून देत होते की कुणी कच खायची नाही.

फेब्रुवारीत टीमच्या तिकीट ऑफिसातून फोन आला. कोवळ्या आवाजाचा कुणी तरुण, आम्ही अजून पास का घेतला नाही म्हणून विचारत होता. मी याच फोनची वाट बघत होते. मनात तयार केलेलं सगळं भाषण मी त्याला ऐकवलं. शॉर्टस्टॉपपासून सुरुवात करून पार्किंगपर्यंत आले. तो मुकाट्याने ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मॅम, मी याच गावात वाढलो. मला तुमचं सगळं पटतं. मी फक्त फोन करतो.” मग जरा घुटमळून म्हणाला, “तुमच्या शेजारच्या खुर्चीच्या बाईंनी पास घेतलाय. त्या नाही म्हणाल्या होत्या, मग परत फोन करून घेतला. त्यांनी विचारायला सांगितलंय, बाबाची खुर्ची दुसऱ्या कुणाला देत नाही ना?”

मी ओट्यापाशी उभी होते. तिथलं स्टूल ओढून बसले.

त्याला होल्डवर ठेवून नवऱ्याला सांगितलं. तो पोट धरून हसला. “एवढा मोठा बॉयकॉट, आणि हरवलं कुणी? क्रियापदाने!” मी त्याच्याकडे जळजळीत बघितलं. मला राग आला होता आणि हसूही येत होतं, आणि बाबा पलीकडच्या खोलीत हीटरपाशी बसलेले मला दारातून दिसत होते. मी फोन उचलला आणि कार्डाचा नंबर सांगितला. वर हेही सांगितलं की हे पैसे मालकासाठी नाहीत. तो म्हणाला, “समजलं, मॅम.” त्या पोराचं भलं होवो.

बाबांना सांगायला गेले तर आधी ते माझ्याच बॉयकॉटच्या बाजूने भांडले. “कशाला गं? लोक काय म्हणतील? तू सगळ्यांना सांगून बसलीस.” मी म्हटलं, लोक हसतील, हसू देत. मॅडम येणार आहेत. थोड्या वेळाने त्यांच्या खोलीतून खुडबुड ऐकू आली. जाऊन बघते तो बाबा कपाटातून बूट काढून पुसत होते, फेब्रुवारीत. “शेंगा आणाव्या लागतील,” ते मला म्हणाले.

लोक हसलेच. ग्रुपवर मला बरीच बोलणी बसली, आणि संक्रांत-होळीच्या एकत्र कार्यक्रमात पोरांनी “काय काकू, क्रांती पोस्टपोन केली का?” म्हणून घेतलंच. लेक फोनवर म्हणाली, “ओके, बट सेंड मी अ पिक्चर ऑफ आजोबा देअर.”

एप्रिलमध्ये सीझनची पहिली मॅच होती. वारा इतका बोचरा की खेळाडूसुद्धा हातांवर फुंकर मारत होते. मॅडम आमच्या आधी येऊन बसल्या होत्या, पायांवर घोंगडी, शेजारी नवीन काठी. बाबांना बघून त्यांनी खुर्चीवर ठेवलेली स्वतःची पिशवी उचलली आणि म्हणाल्या, “बसा.” बाबा बसले. शेंगांची पिशवी दोघांच्या मध्ये ठेवली. दुसऱ्या इनिंगपर्यंत आम्ही चांगलेच मागे पडलो होतो, आणि बाबा म्हणाले, थंडी फार आहे, मी मॅडमसाठी काही गरम घेऊन येतो. मी उठायला लागले, तर मला खाली बसवून ते स्वतःच गेले.

ते दिसेनासे झाल्यावर मी मॅडमना म्हटलं, “मला वाटलं तुम्ही अ‍ॅरिझोनाला गेला असाल.”

“जाणारच होते,” त्या म्हणाल्या. “मुलाने खोली रंगवून ठेवली होती. आणि या हरामखोराला आणखी पैसे द्यायचे नाहीत, असं तर मी कधीच ठरवलं होतं.” त्यांनी हनुवटीने काचेच्या केबिनकडे खूण केली. “पण बाबा म्हणाले, मी येतोय. आता मी आले नसते, तर ते इथे एकटे बसले असते.”

मी त्यांना व्याकरण समजावलं नाही.

“माझा मुलगा फार चांगला आहे,” मॅडम पुढे म्हणाल्या, मैदानाकडेच बघत. “सूनही चांगली आहे. तिथे मला काही कमी पडलं नसतं. पण तिथे मी दिवसभर घरातच असणार. घरातच असलेल्या माणसाची वाट कोण बघतं?”

त्या स्वतःबद्दल बोलत होत्या. मी मैदानावर नजर ठेवून बसले, पण पुढची इनिंग मला दिसली नाही. आमच्या घरी बाबांना वेळेवर चहा मिळतो. औषधं मिळतात. मी त्यांच्या आवडीची भाजी करते, नवरा ऑफिसातून आल्यावर त्यांच्यापाशी बसतो, बेलव्ह्यूहून नात फोन करते. आम्ही त्यांच्यावर प्रेम करतो, त्यात खोट नाही. पण बाबा आमच्याकडे आल्यापासून आमच्या घरात त्यांची वाट कुणी बघितली नव्हती. बघणार कशी? ते कुठे गेलेलेच नसायचे.

बराच वेळ झाला तरी बाबा येईनात. मी उठून शोधायला निघणार, तेवढ्यात ते खालच्या वाटेवर दिसले. दोन्ही हातांत वाफाळते कप, आणि आपली रांग कोणती ते न कळून चेहरा गोंधळलेला. ते भलत्याच जिन्याकडे वळले. मॅडमनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली आणि त्या दुखऱ्या गुडघ्यावर जोर देऊन उभ्या राहिल्या. मग शाळेच्या बसमधल्या पोरांना दटावणाऱ्या त्या घोगऱ्या आवाजात, सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल अशा, त्यांनी हाक मारली.

“बाबा! इकडे! आम्ही इकडे आहोत!”

बाबांनी मान वर केली. आम्हाला बघितलं. आणि कपातलं गरम चॉकलेट स्वेटरवर सांडत, ते भराभर पायऱ्या चढायला लागले.